भिंतीवरचा समुद्र

निळीचा हात वाळायच्या आतच केरबानं त्यावर चुन्याचं फडकं ओढलं. दारातून शेजारचा लालासाहेब हसला.

"गड्या, हे काय? भिंतीला घोंगडं वाळत घातलंस का काय?"

"समुद्र हाय."

"ह्यो समुद्र? मग होडी कुटं हाय? मासं कुटं हायती?"

केरबानं फडकं पुन्हा चुन्यात बुडवलं. लालासाहेब मनानं वाईट नव्हता, पण कडेगावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते त्याला वासावरून कळे आणि कळलेलं पोटात राहत नसे. सांजेपर्यंत गावभर झालं, की लढाईवरून आलेला साळूबाईचा लेक सोप्याची भिंत रंगवत बसतो आणि त्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, काहीच नाही.

ते खरंच होतं. वर काजळीचा पट्टा, त्याखाली निळीचा, मग चुन्याची फाटकी रेघ आणि तळाला पिवळ्या मातीचा उतार. इटलीचा तो किनारा डोळे मिटले तरी केरबापुढून हटत नव्हता. पण त्या वाळूवर जे होतं, ते काही त्याला काढता येईना. पिवळ्या उतारावर तळहाताएवढी जागा त्यानं तशीच सोडली होती, नुसती शेणामातीची. तिथवर हात गेला की थांबायचा.

ती अर्जुनाची जागा होती.

अर्जुना म्हणजे वरच्या आळीच्या भामाबाईचा एकुलता एक लेक. ऊस तोडत काय बसतोस, पलटणीत चल, असा भुंगा केरबानंच त्याच्यामागे लावला होता. निघताना तो भामाबाईला म्हणाला होता, "मावशी, जोडीनं जातू, जोडीनंच येतू." किनाऱ्यावर तोफा सुरू झाल्या आणि अर्जुना पडला. तो हाका मारत राहिला आणि केरबा पळाला. मागे वळून बघितलं, तेव्हा वाळूवर हालचाल नव्हती. पुढं केरबा पुण्याच्या इस्पितळात कित्येक महिने पडून होता. सरकारी कागदात अर्जुना बेपत्ता होता, आणि खरं काय ते केरबाच्या पोटात होतं.

भामाबाई रोज सकाळी यायची. केरबासाठी फडक्यात भाकरी आणि वर काहीतरी कालवण. भाकरी पुढ्यात ठेवण्याआधी ती पहिला घास मोडून कौलावर टाकी. कावळा यायचा, काव काव करायचा. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हातारी कावळ्याला चारून लेकाला बोलावतेय, हे केरबाला दिसत होतं, आणि तिची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

गेल्या साली ती भावाला घेऊन कऱ्हाडच्या संगमावर जाऊन आली होती. लेकासाठी नवस बोलली, असं गाव म्हणे. तेव्हापासून तिनं गूळही सोडला होता. गुऱ्हाळाच्या गावात राहून गूळ सोडणं ही काही थट्टा नव्हती.

"राती झोप लागली का रं?" एवढंच ती विचारी. अर्जुनाचा विषय कधी काढत नसे. तिनं एकदा विचारलं असतं तर बरं, असं केरबाला होऊन जाई.

शेवटी तो आईला म्हणाला, "भामामावशीला येऊ नगं म्हणून सांग."

"का रं बाबा?" साळूबाई म्हणाली. "तुज्यात ती आपला लेक बगती. तिचं तेवडं तरी कशाला काडून घ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी भामाबाई आली ती भाकरी बाजूला ठेवून भिंतीपुढेच बसली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोट केलं.

"हितं रंग न्हाई लावलास?"

"न्हाई."

"संपला व्हय?"

"न्हाई, हाय की."

"मग?"

 सांगितलं तर म्हातारीची आशा जाणार, आणि ती शाप देणार. द्यावाच तिनं. पण न सांगता तिची भाकरी आणखी किती दिवस खायची? त्याला स्वतःची शिसारी आली.

भामाबाईनं फडकं सोडलं, घास मोडला आणि हात कौलाकडे उचलला.

"मावशी, त्या कावळ्याला नगा बोलावू," केरबा म्हणाला. "अर्जुना यायचा न्हाई."

तिचा हात तसाच राहिला.

"माज्या डोळ्यांनी बगितलं मी. त्येच्या पायाला लागलं हुतं. माजं नाव घेऊन हाका मारत हुता. मी पळालो, मावशी. ही त्येची जागा हाय." त्यानं त्या कोऱ्या मातीवर तळवा ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागला. "मारा मला. काय बी करा."

भामाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं घास कौलावर टाकला, मग पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मेढ्याचा हरिबा तुमच्याच पलटणीतला न्हवं? त्यो तुज्या आदी सुटून आला. समदं सांगून गेला मला."

केरबा तिच्याकडे बघत राहिला. "मग तुमी रोज कशापायी येत हुता?"

"तुज्या तोंडानं निगाया पायजे हुतं, लेकरा. आत ऱ्हायलं असतं तर तुला खाल्लं असतं त्येनं."

कौलावर कावळा उतरला. भामाबाईनं एकदा वर बघितलं.

"गावाला न सांगता संगमावर त्येचा दहावा घातला. पिंडाला कावळा शिवंना. भाऊ म्हणला, तुज्या आईला मी संबाळीन. न्हाई शिवला. रान इकणार न्हाई म्हणला, तरी न्हाई. उनं पार डोक्यावर आली. मग मीच हात जोडलं. म्हणलं, बाबा, केरबाला कुणी बोल लावणार न्हाई. तवा शिवला."