चौदा तासांचं कार्ड

बोंढारे सरांनी मोहिनीचं कार्ड दोन बोटांत धरून उंच केलं, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं.

“बघा पालकहो. आज बारा तारीख, आणि या बाईंचे अंगठे एकतीसपर्यंत उमटलेत.”

हॉलमध्ये हशा पिकला. हिंगोलीतल्या या शिकवणीचा नियमच होता. बारावीच्या पोरांनी घरी किती तास अभ्यास केला ते रोज कार्डावर भरायचं, खाली आईबापाची सही. बारा तासांपेक्षा कमी भरले तर बोर्डाआधीचे सराव पेपर मिळणार नाहीत. मोहिनीच्या कार्डावर रोज पाचच तास होते. पोरीला खोटं लिहिता येत नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा.

मोहिनीची आई सिंधूबाई नरसीहून शेळ्या जावेच्या गळ्यात घालून आली होती. रेशन दुकानात शाईचं पॅड हाती लागलं तेव्हाच तिनं महिन्याचे अंगठे उरकून टाकले होते. त्यात हसण्यासारखं काय, ते तिला कळेना.

“हा आदर्श बघा,” सर म्हणाले. “पुसेगावचा शिवप्रसाद. रोज चौदा तास.”

शिवप्रसादचे वडील छाती फुगवून उभे राहिले. पोरगा शेजारी जांभया देत होता.

सिंधूबाई बोटांवर मोजू लागली. चाळीस शेळ्या दोनदा मोजणारी बाई, तिला वेळ लागला नाही. “चौदा घरी. सहा कॉलेज अन् इथं. दोन एसटीत. मंग लेकरू झोपतं कवा?”

“झोपतंय की,” वडील अभिमानानं म्हणाले. “पुस्तक उघडं ठिवूनच झोपतंय. ते बी धरतो आमी.”

या वेळी कुणी हसलं नाही. बोंढारे सर गणिताचे मास्तर, पण ही बेरीज त्यांनी कधी मांडली नव्हती.

“त्याला परवाच्या परीक्षेत किती पडले?” सिंधूबाईनं विचारलं.

“अडतीस,” मोहिनी हळूच म्हणाली. तिला स्वतःला शंभरात एक्क्याऐंशी होते.

“प्रश्न मार्कांचा नाही, शिस्तीचा आहे,” सर गरजले.

उंटावरून शेळ्या हाकणारं माणूस सिंधूबाईनं आज समोर पाहिलं. तिला त्याचा राग आला नाही, कीव आली. आणि मग कीवही वाया घालवू नये असं वाटलं.

“सर, शेळी रानात किती वेळ हुबी होती ते आमी इचारत न्हाई. घरी आली की कूस चाचपून बघतो, चाऱ्यानं भरली का न्हाई.”

“हिला सराव पेपर मिळणार नाहीत. जा घेऊन पोरीला,” सर म्हणाले.

मोहिनीचा चेहरा उतरला. सिंधूबाई उठली, सरळ टेबलापाशी गेली, गठ्ठ्यातून प्रत्येक विषयाचा एकेक पेपर काढून पोरीच्या हातात दिला. मायलेकी दारापर्यंत पोचल्या तेव्हा कुठे सरांना एक्क्याऐंशीचा आकडा आठवला.

“अहो बाई, थांबा. निकालाच्या बॅनरवर मोहिनीचाच फोटो टाकणार होतो.”

सिंधूबाईनं शिवप्रसादकडे पाहिलं. तो बाकावर डोकं टेकून झोपला होता, पुढ्यात पुस्तक उघडं.

“याचा टाका,” ती म्हणाली. “बसूनच हाय, हालायचा बी न्हाई.”