चौथा कोपरा

"स्लॅब फोडायचा तर तुमची सही लागेल, सर." जयंतने नकाशा टेबलावर पसरला.

नरहर यांनी चष्मा पुसला. पिपलानी वसाहतीच्या बांधकाम विभागात बावीस वर्षं काँक्रीटचे सगळे अंदाज तेच काढत. जयंत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. दोन बाजू मिळतात तो कोपरा मापात एकदाच धरायचा, दोनदा धरतो तो कारकून, हा त्यांचा पहिला धडा.

जयंतचा थोरला भाऊ केशव गुरुवारी साइटवरून घरी आला नाही. शुक्रवारी सकाळी तिथे स्कूटर शेडचा पाया ओतला गेला. जमिनीवर स्लॅब, आणि त्याच्याच चारही कडांना खाली उतरलेली जाड पट्टी. शनिवारी चौकशीत केशवची साक्ष होती. क्वार्टरचा छज्जा पडून एक बाई गेली होती. त्यातल्या सळ्या कोणी कमी केल्या, ते तो सांगणार होता.

"ठेकेदाराचंच काम आहे हे," जयंत म्हणाला. "दादा त्या पट्टीत आहे. वहिनी चार दिवस जेवलेली नाही."

"दादाचं वजन किती?"

"सर?"

"किती?"

"सत्तर किलो असेल."

"म्हणजे साधारण सत्तर लिटर. पॉइंट शून्य सात घनमीटर. तो आत असता तर तेवढा माल उरला असता. पाच-सहा घमेली." नरहर दारात उभ्या असलेल्या मुकादमाकडे वळले. "काय रे, किती उरलं?"

मुकादम हसला. "एक घमेला नहीं बचा, साब. आपका हिसाब है, कोई मज़ाक है?"

"अकरा पॉइंट तेहेतीस काढलं, अकरा पॉइंट तेहेतीसच लागलं. मी स्वतः उभा होतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तरी हवी असेल तर देतो सही. फक्त फोडताना वहिनींना तिथे आणू नकोस."

जयंतने नकाशा गुंडाळला. सही घेतली नाही.

घरी त्याने सुलभावहिनींना सगळं समजावून सांगितलं. "दादा तिथे नाही. कुठेतरी असेल, येईल." त्या पहिल्यांदाच दोन घास जेवल्या.

नकाशाबरोबर अंदाजाची प्रत आली होती. वहिनी ताट उचलत असताना जयंतने सवयीनेच नकाशावरून आकडे स्वतः काढून पाहिले. स्लॅब, सात पॉइंट वीस. पट्टी, चार पॉइंट वीस. एकूण अकरा पॉइंट चाळीस.

त्याने पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली.

नरहर यांच्या कागदावर पट्टीचे तीनच कोपरे धरले होते. चौथा एकदाही धरलेला नव्हता. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अठ्ठावीस सेंटिमीटर खोल. पॉइंट शून्य सात. आणि तेवढा माल कमी असूनही पाया काठोकाठ भरला होता.

"काय झालं, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

जयंत अंदाजावरच्या नरहर यांच्या सहीखालची तारीख बघत होता. मंगळवारची होती. केशव नाहीसा व्हायच्या दोन दिवस आधीची.