तुपाची धार

"नुसत्या तुपाला बोल लावू नका. हे वडिलांकडून आलंय," कुमुदच्या लेकाचा रिपोर्ट पुढे करत डॉक्टर म्हणाले. "जनुकांमधले बारीक बारीक बदल. एकेकटा किरकोळ, पण पुष्कळ एकत्र आले की रक्तातली चरबी नीट वाहून जात नाही, साठते. आत्याबाईंच्या रक्तातही तेच सापडलं. आईंचं रक्त मात्र उत्तम."

कुमुद खुर्चीत ताठ बसली. बावीस वर्षांपूर्वी नवरा हार्ट अटॅकनं गेला, तेव्हा आत्ता शेजारी बसलेल्या याच वन्सं साऱ्या भावकीसमोर कडाडल्या होत्या, "आमच्या घराण्याचं रक्त अस्सल! हिच्या तुपानंच माझा भाऊ गेला." त्या दिवसापासून कुमुदनं ना तूप वाढलं, ना खाल्लं.

दुपारी पानं वाढली. वरणभातावर तूप वाढायला वन्संनी नेहमीसारखं भांडं उचललं, घुटमळल्या, आणि कुमुदपुढे सरकवलं. "तूच वाढ गं."

कुमुदनं लेकाच्या भातावर एक थेंब सोडला. वन्संच्या भातावरही एकच.

"अस्सल रक्ताला एवढंच मानवतं, वन्सं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या भातावर तिनं चांगली लांबलचक धार धरली.