उताराखालची विहीर

नळीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग बिटासारखं लाल.

राखीनं नळी उजेडाकडे धरली. गावच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम तिच्याकडे होतं; रंग जितका लाल, तितकं पाण्यात नायट्रेट जास्त. "मागच्या खेपेपेक्षा जास्त हाय, बावा," ती म्हणाली.

"नीट पाह्य."

"दोनदा पाह्यलं."

पंजाबराव कठड्यावर बसले. विहीर बुद्धविहारामागे होती आणि सगळी वस्ती तिचंच पाणी प्यायची. वर मुरमाचा उतार. त्यावर, मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, लग्नाचं लॉन. तिथल्या गवतावर पंजाबरावांची उमर गेली होती. युरिया फेकायचा, तणनाशक मारायचं, वरून फवारे सोडायचे. ते सगळं मुरमातून खाली उतरतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते नातू गेला तेव्हा. त्यांच्या सुनेला, रेणुकाला, दूध कमी होतं. ती पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायची. लेकरू निळं पडलं. डॉक्टरांनी पंजाबरावांना आणि त्यांच्या मुलाला, प्रसेनजितला, बाहेर बोलावून विचारलं, पाणी कुठलं, विहिरीच्या वर काय आहे. मग पाण्यात खत उतरल्याचं सांगितलं.

घरी येताना प्रसेनजित एवढंच बोलला, "बाबा, रेणुकाले सांगू नका. आपल्याच हातानं पाजलं, हे समजलं तं थे जगणार नाई."

त्यांनी सांगितलं नाही. वस्तीत सगळे म्हणत, जमिनीचाच क्षार आहे. रेणुकाही तेच म्हणे. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि ते भरत आले होते.

"वरतून काय येत असंन?" राखीनं विचारलं.

"काईच नाई. लॉनले जे घालतो थे मी सोताच घालतो."

"मंग जुनं मुरलं असंन."

"किती दिवस राह्यते थे?"

"मले काय ठाव, बावा. जमिनीनं एकदा धरलं तं माणसाची जिंदगी जाते म्हंतेत." तिनं नळी धुतली. "बाळंतिणीसाठी जारचं पाणी आणा."

"आमच्या घरी जार येईन. शेजारच्या कलाबाईच्या नातवाले कोण आणीन?"

राखीनं नळी पिशवीत टाकली.

नातू गेल्यापासून पंजाबरावांनी युरियाचा दाणा हातात धरला नव्हता. मालक अजून बॅगा आणून कोठीत टाकतच होता; पंजाबराव त्यांच्याकडे पाहातही नसत. पंजाबराव तण खुरप्यानं काढत. कापलेलं गवत तिथंच पसरत. पाणी अडावं म्हणून खालच्या कडेला वाळ्याची रांग लावली होती. कोठीमागे एक ड्रम होता. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवायचं आणि झारीनं गवताला घालायचं. वास असा की तिकडे कोणी फिरकत नसे. लग्न उरकलं की पत्रावळी गोळा करायला रेणुका यायची, तिचा झाडू तेवढा तिथं टेकलेला असे.

सुरुवातीला गवत पिवळं पडलं होतं. रेणुका झाडत होती आणि तिच्यादेखतच मॅनेजर ज्ञानेश्वर म्हणाला होता, "बावा, लोकं हिरव्यावर फोटो काढाले येतेत. असंच राह्यलं तं उद्यापासून घरी बसा."

"जरा दम धरा. जमीन सुधरून राह्यली."

"जमिनीले दम असंन. मालकाले नाई."

पण गवत सुधारलं. हळूहळू नाही, एकदम. ज्ञानेश्वर बूट काढून त्यावर चालून पाहू लागला.

"काय पाजता बावा याले?"

"शेण न् मूत."

"वऱ्हाड्यायले नका सांगू. तिथंच पंगत बसते."

पंजाबराव त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी हसले होते. पण विहिरीचं पाणी काही सुधरेना. त्यांना वाटलं, आपलंच कमी पडतं. त्यांनी झाऱ्या वाढवल्या. वाळ्यापर्यंत, वाळ्याच्या पलीकडेही घालू लागले. नळीतलं पाणी आणखी लाल झालं.

राखी गेल्यावर ते उतार चढून वर गेले. गवत डोळ्यांत भरावं असं हिरवं होतं. त्यांनी मूठभर उपटलं, मुळांचा वास घेतला, काही कळलं नाही. एवढं करूनही जमीन जुनं विष सोडत नसेल, तर माणसानं करायचं तरी काय? ज्ञानेश्वरच्या टेबलावर त्यांनी खुरपं ठेवलं.

"काय झालं बावा?"

"काई नाई. होत नाई आता."

घरी रेणुका ज्वारी पाखडत होती. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून सूप गुडघ्यावर धरलं होतं. पंजाबराव उंबऱ्याशी बसले.

"पोरी, प्रसेनजित आला का सामान बांधू. हे गाव सोडू."

"काऊन मामाजी?"

"इथं लेकरू जगत नाई. म्या काम सोडलं."

सूप थांबलं. ती सासऱ्याकडे पाहून कधी बोलत नसे. आज तिनं पाहिलं.

"असं कसं सोडलं, मामाजी," ती हळूच म्हणाली. "तुमाले कामावरून काढू नये म्हणून तं मी तुमच्या ड्रममंधी दर लग्नाले टोपलंभर युरिया घोळत होती."