तिन्हीकडे उघडतं

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांच्या तीन तऱ्हा. ‘फाइल उघड’ म्हणून एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. प्रोग्रामरने महिनाभर डोकं फोडून तिघांनाही कळेल असा कोड लिहिला. बायको माहेरी गेल्यापासून घरात कमालीची शांतता होती, त्यामुळे काम झपाट्याने उरकलं. चाचणीला रोज तीच फाइल घ्यायची ही त्याची शिस्त. बायकोने ईमेलने पाठवलेलं पत्र आयतंच हाताशी होतं. तिन्ही मशीनवर मिळून ते त्याने तीनशे वेळा तरी उघडलं असेल. उघडलं की लगेच बंद.

आज साहेबांपुढे प्रात्यक्षिक होतं. त्याने कळ दाबली आणि तिन्ही पडद्यांवर पत्र झळकलं. सगळे वाचत राहिले. टाळी काही वाजेना.

“उघडलं ना, साहेब?”

“अभिनंदन. तिन्हीकडे उघडलं,” साहेब चष्मा काढत म्हणाले. “आता निदान एकीकडे तरी वाचा.”

तो पहिल्यांदाच पडद्याशी वाकला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘पंधरा तारखेच्या आत न्यायला आला नाहीस, तर मी परत यायची नाही.’

आज एकवीस तारीख होती.