उंचीचा आकडा

"हात लावून बघ," ताई म्हणाली.

छोटूने एका रोपाला बोट लावलं. रोप वाकलं, शेजारच्यावर रेललं आणि तसंच राहिलं.

"पडलं की."

"उभं होतंच कुठे? शेजाऱ्याच्या आधाराने लोंबत होतं."

ताईच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरली नव्हती. तीन आठवडे जंगल पालथं घालून ती आत्ताच परतली होती. मान धरलेली, बूट चिखलाने भरलेले आणि हात रिकामे. घरी न जाता ती सरळ आपल्या रोपवाटिकेत आली. तिच्या माघारी रोपवाटिका धाकट्या भावाने सांभाळली होती. भाऊ कॉलेजात गणित शिकवायचा. घरात सगळ्यांत उंच, तरी नाव छोटूच राहिलेलं.

सुट्टीत त्याने हौसेने बहिणीला एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. रोपवाटिकेत जागा तीन: उघड्यावर, सावलीसाठी ताणलेल्या एका जाळीखाली आणि तीन जाळ्यांखालचा काळोखा कोपरा. कुठलं रोप कुठे ठेवलं तर चांगलं वाढेल, ते प्रोग्रॅमने शोधायचं. "धुक्यात टेकडी चढण्यासारखं आहे," त्याने तिला समजावलं होतं. "माथा दिसत नाही. पण पायाखालची जमीन कुठल्या बाजूला चढतेय, ते कळतं ना? तिकडे एक पाऊल टाकायचं. परत बघायचं, परत एक पाऊल." म्हणजे ट्रे हलवायचा, रोपं मोजायची आणि आकडा वाढला तर त्याच दिशेने पुढे जायचं.

आकडा वाढतच गेला होता. छोटू तो फोनवर कळवायचा आणि ताई जंगलात जिथे रेंज मिळेल तिथून 'शाब्बास' म्हणायची.

"ही उन्हात वाढणारी रोपं, छोटू. यांना काळोखात कोंबलंस?"

"मी नाही, प्रोग्रॅमने. तिथेच ती सगळ्यांत जास्त वाढली."

"वाढली नाहीत रे, उजेड शोधत नुसती लांबली. दहावीत तूही असाच ताडमाड झाला होतास. आणि मैदानावर रांगेत उभा असताना चक्कर येऊन पडलास. आई काय खूश झाली होती का, पोरगा उंच झाला म्हणून?"

"मला काय बोलतेस? तूच म्हणालीस ना, उंची घे! मी विचारलं होतं, नक्की काय वाढायला हवंय? तुझे हात मातीत होते. मान वर न करता म्हणालीस, उंची घे."

ताईला आठवलं. तिने एकदम वळून विचारलं, "ढिम्म कुठे आहेत?"

वाढायचं नावच घेत नाहीत म्हणून त्या रोपांना तिने हे नाव ठेवलं होतं. ज्या झाडाच्या बिया लावल्या होत्या, ते झाड वादळात उन्मळून पडलं होतं. तसं दुसरं झाड शोधायलाच ती गेली होती. ते मिळालं नव्हतं. आता जे काही होतं, ते त्या एका ट्रेमध्ये.

छोटूने बाहेर बोट दाखवलं. "काळोखातून एका जाळीखाली आणली तर जरा वाढली होती. म्हणून मग पुढचं पाऊल..."

ट्रे भर उन्हात होता. पानं जुन्या कागदासारखी झाली होती. ताई गुडघ्यांवर बसली आणि एकेका खोडावर नखाने ओरखडा काढत गेली. वाळलेलं. वाळलेलं. हेही वाळलेलं. कोपऱ्यातल्या एका खोडावर सालीखाली हिरवी रेघ दिसली.

"एक आहे," ती म्हणाली.

छोटूने ट्रे उचलला आणि काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा काळोख्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग तिथेच उलट्या बादलीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला.

"उंची नको, तर काय घालू? काहीतरी मोजावं तर लागेलच ना, ताई. चांगलं म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी सांगायला नको?"

"मला नाही माहीत!" ताई ओरडली. मानेत कळ आली, तिने हात मानेवर दाबून धरला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे झाड लहानपणी काहीच करत नाही रे. मोठ्या झाडाच्या पायाशी अंधारात बसून राहतं. दोन पानं, फार तर तीन. मरत नाही, एवढंच."

"किती दिवस?"

"दिवस कसले, वर्षानुवर्षं."

"कशाची वाट बघत?"

"वरचं झाड पडायची. ते पडलं की उजेड येतो, मग उठतं."

छोटूची बोटं थांबली.

"मग तुझं ते पडलेलं झाड... तिथे गेली होतीस?"

"पहिल्याच दिवशी. त्याच्याच खोडावर बसून डबा खाल्ला."

"आणि खाली बघितलंस?"

ताईचा हात मानेवर होता तिथेच राहिला. तीन आठवडे ती वर बघत हिंडली होती.

पिशवी अजून खांद्यावरच होती.