भाजलेली मरळ

कोकणातून कारखान्यात कामाला आलेला सयाजी पिंपरीत माळकरी गवराबाईंकडे भाड्याने राहत होता. त्या संध्याकाळी बायकोने चिंचगुळाचा लेप लावून मरळ निखाऱ्यावर भाजली, वर ओलं खोबरं-कोथिंबीर पेरली. तेवढ्यात गवराबाई दारात आल्या. सयाजीने घाईघाईने ताटलीवर परात पालथी घातली.

"मासळी केलीया व्हय?"

"छे, आम्ही खात नाही," तो म्हणाला.

गवराबाई घुटमळल्या. "माळ माझ्या गळ्यात हाय, सुनंच्या न्हाई. पोटुशी हाय ती. वासानं तिचं मन झालं, म्हून आले हुते. असू द्या." त्या वळल्या.

सयाजी ताटली घेऊन त्यांच्यामागे धावला. गवराबाईंनी ती पदरात धरून घेतली, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही; त्याला आणखी लाज वाटू नये म्हणून.